होजिअरीचा टॉप घरी शिवताना: विकतच्या पॅटर्नबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिवणाऱ्या हातांची वानवा नाही. कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तराचा ब्लाउज, पंजाबी ड्रेस हे सगळं घरच्या मशीनवर सफाईने काढणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. पण टी-शर्टच्या कापडाचा साधा टॉप म्हटला की याच बायका रेडिमेडच्या दुकानाची वाट धरतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "ते कापड हातात थांबत नाही." विकतचा पॅटर्न, म्हणजे कंपनीने आखून छापलेला कटिंगचा कागद, हाताशी असेल तर ते जमतं. खाली जे प्रश्न घेतलेत ते शिवणक्लासला येणाऱ्या, ब्लाउज उत्तम शिवणाऱ्या मैत्रिणींचे आहेत. शिवण अगदीच नवी असेल तर आधी एखादी उशीची खोळ आणि एक साधा कुर्ता हातावेगळा करा आणि मग इकडे या.

होजिअरी कापड नेमकं कशाला म्हणायचं?

इचलकरंजीच्या मागावर निघतं त्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांखालून-वरून जातात. पॉपलीन, कॅम्ब्रिक, ब्लाउजपीस सगळं त्यातलंच. होजिअरीत धाग्याचे फासे असतात, एका फाशातून दुसरा ओवलेला, स्वेटरसारखे पण फार बारीक. फासा उघडतो म्हणून कापड ताणतं आणि मिटतो म्हणून परत येतं.

कापड डोळ्याजवळ धरून बघा. सुलट बाजूला बारीक 'व्ही' एकाखाली एक लागलेले दिसतील आणि उलट बाजूला कमानी. ते सिंगल जर्सी, म्हणजे नेहमीच्या टी-शर्टचं कापड. दोन्ही बाजू सारख्याच दिसत असतील आणि कापड जरा जाडसर असेल तर ते इंटरलॉक. उभ्या रेघा उठून दिसत असतील आणि आडवं भरपूर ताणत असेल तर रिब, जी गळ्याला आणि मनगटाला लावतात. यांपैकी कशातही लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, मिसळलेला असू शकतो. मग कापड जास्त ताणतं आणि मुख्य म्हणजे ताणून सोडल्यावर जागेवर येतं.

पॅटर्न आहे तर मग अडचण कुठे येते? ब्लाउजचंही कटिंग आपण कागदावरच करतो.

ब्लाउजचा कागद तुमच्या अंगावरून काढलेला असतो आणि कापड त्यात काही भर घालत नाही. होजिअरीत कापड हे स्वतःच मापाचा भाग असतं. पॅटर्न आखणाऱ्याने कापड किती ताणेल ते गृहीत धरून कागद काढलेला असतो, आणि कित्येकदा तयार टॉपची छाती अंगाच्या मापापेक्षा दोन इंच लहान ठेवलेली असते. तेवढं ताणणारं कापड घेतलं तर टॉप सुरेख बसतो. कमी ताणणारं घेतलं तर तोच कागद, तीच शिलाई, आणि टॉप डोक्यातून खाली येत नाही. माझ्याकडे "पॅटर्न चुकीचा आहे" म्हणून आलेल्या बहुतेक टॉपांत कागद बरोबर होता आणि कापड वेगळं होतं.

पाकिटावरची ताण मोजायची पट्टी कशी वापरायची?

सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक अशा अमेरिकन कंपन्यांच्या होजिअरी पॅटर्नच्या पाकिटावर मागच्या बाजूला किंवा कडेला एक आडवी पट्टी छापलेली असते. ठरावीक लांबीचं कापड किमान कुठपर्यंत ताणलं पाहिजे ते तीवर दाखवलेलं असतं. संगणकावर उतरवून घेतलेल्या पॅटर्नमध्ये बहुधा टक्केवारी दिलेली असते.

मोजायची रीत अशी. कापडाची काठापासून थोडी आतली जागा घ्या, कारण काठावर ताण खरा कळत नाही. आडव्या दिशेने कापड दुमडा आणि दुमडीपासून जरा खाली, एकमेकींपासून १० सेंटीमीटर अंतरावर दोन टाचण्या लावा. डावी टाचणी मोजपट्टीच्या शून्यावर धरून उजवी हळूच ओढा. कापड आरामात जिथवर येतं तिथे थांबा. वरची कड दोरीसारखी वळायला लागली किंवा फासे पांढुरके दिसायला लागले तर तुम्ही जास्त ओढलंय. उजवी टाचणी १५ वर आली तर ताण ५० टक्के, १३ वर आली तर ३० टक्के.

आता सोडा आणि बघा. टाचणी परत १० वर यायला हवी. साडेदहावर रेंगाळली तर कोपर आणि पोट या ठिकाणी हे कापड दिवसभरात सैल पडणार. दुकानदार सांगेल की सगळं ताणतं, काळजी नको. तुम्ही मात्र टेप आणि दोन टाचण्या पर्समध्ये ठेवा आणि काउंटरवरच मोजून बघा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उभा ताणही मोजून ठेवा. स्विमसूट आणि जिमचे कपडे यांना चारही बाजूंनी ताण लागतो. साध्या टॉपला आडवा पुरतो.

कापड कोल्हापुरात कुठे बघायचं, आणि किलोवर मिळालं तर मीटर किती होतात?

पहिली फेरी गांधीनगरला मारा. होलसेलची पेठ आहे, माल भरपूर. एका टॉपपुरतं तोडून द्यायला सगळेच तयार होतात असं नाही, म्हणून दोघी-तिघी मिळून गेलात तर बरं पडतं. महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी आणि राजारामपुरीकडे मीटरवर विचारा. इचलकरंजी तीस किलोमीटरवर असली तरी तिथली ओळख मागाच्या कापडाची आहे. होजिअरीचं देशातलं मोठं ठिकाण म्हणजे तमिळनाडूतलं तिरुपूर.

किलोचा हिशोब सोपा आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १८० जीएसएमचं कापड दीड मीटर पन्ह्याचं असेल तर एका मीटरचं वजन २७० ग्रॅम. म्हणजे किलोत पावणेचार मीटरला थोडं कमी. बाह्यांसकट साध्या टॉपला एवढ्या पन्ह्यात दीड मीटर सहसा पुरतं, पण पाकिटावरचा आकडाच खरा धरा. तिथे ४५ इंची आणि ६० इंची पन्ह्याचे वेगळे आकडे असतात, आणि अमेरिकन पाकिटावर ते वारात छापलेले असतात. वार म्हणजे ३६ इंच, आपल्या मीटरपेक्षा जवळजवळ साडेतीन इंच कमी.

पहिल्या टॉपला कोणतं कापड घेऊ?

१८० जीएसएमच्या आसपासची सुती जर्सी किंवा सुती इंटरलॉक, जमल्यास थोडा लायक्रा असलेली. इंटरलॉकची कड गुंडाळत नाही, हा नवख्या हाताला मोठा आधार आहे. गुळगुळीत, पाण्यासारखं ओघळणारं व्हिस्कोस दिसायला फार सुंदर, पण ते स्वतःच्या वजनाने लांब होत जातं, म्हणून पहिल्यांदा नको. निव्वळ पॉलिस्टर स्वस्त मिळतं आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात अंगाला चिकटतं.

मी रेडिमेडमध्ये ३८ घेते. पॅटर्नचाही ३८ घेऊ का?

नका घेऊ. सगळ्यात जास्त कापड इथे वाया जातं.

आपल्याकडे कुर्तीवरचा ३८ म्हणजे ३८ इंच छाती. बुर्डा या जर्मन पॅटर्न कंपनीचा ३८ नंबर मात्र ८८ सेंटीमीटर छातीचा, म्हणजे साडेचौतीस इंचांच्या जरा पुढे. अमेरिकन पाकिटांचे आकडे आणखी निराळे: १२ नंबर ३४ इंच छातीला, १४ नंबर ३६ ला, १६ नंबर ३८ ला आणि १८ नंबर ४० ला. एरवी मीडियम घालणाऱ्या बाईला पाकिटावरचा १६ पाहून धक्का बसतो. तो नुसता नंबर आहे, त्याचा वजनाशी किंवा वयाशी काही संबंध नाही. नंबर विसरा आणि टेप घ्या.

मापं चार: छातीचा भरीव भाग, त्याच्या वर काखेतून जाणारी वरची छाती, कंबर आणि सीट. एक उदाहरण घेऊ. छाती ३६, कंबर ३२, सीट ४०. अमेरिकन तक्त्यात छाती १४ नंबरला येते, कंबर १८ ला आणि सीट १६ ला. आपल्याकडे असं माप अगदी नेहमीचं आहे आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. बहुतेक पॅटर्नच्या एकाच कागदावर बरेच नंबर एकात एक छापलेले असतात. खांदा, गळा आणि मुंढा (बाही जोडायचा गोल काप) १४ च्या रेघेवर ठेवा, काखेखालून तिरकं बाहेर येत कमरेला १८ ची रेघ गाठा आणि खाली सीटला १६ वर या. रेघ कोन न करता वळली पाहिजे. वळणाची फ्रेंच कर्व्ह पट्टी असेल तर फार सोपं जातं. टॉप सैलसर असेल तर कमरेला १६ सुद्धा पुरतो.

वरची छाती आणि भरीव छाती यांत दोन इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर नंबर वरच्या छातीवरून धरा. या कंपन्यांचे पॅटर्न ब्राच्या बी कपसाठी आखलेले असतात. भरीव मापावरून नंबर घेतला तर छाती बसते आणि खांदे दंडावर उतरतात. होजिअरीत थोडा फरक कापड सांभाळून घेतं, पण उतरलेला खांदा ते सावरू शकत नाही.

शेवटी तयार टॉपचं माप शोधा. अमेरिकन कंपन्या ते पुढच्या भागाच्या कागदावरच छातीच्या रेषेजवळ छापतात. ३६ छातीला तयार माप ३४ असेल तर टॉप अंगाबरोबर बसणारा आहे, ४० असेल तर सैल. चित्रातल्या मुलीकडे बघून अंदाज बांधू नका.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. खालून कापलं की झालं ना?

फक्त खालून कापलं तर कमरेचा आकार सीटवर येईल. बुर्डाचे नेहमीचे नंबर १६८ सेंटीमीटर उंचीसाठी असतात, म्हणजे साडेपाच फुटांच्या जवळ. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत पाठीचं माप घ्या आणि पाकिटावरच्या पाठीच्या लांबीशी ताडून बघा. अमेरिकन १४ नंबरला ती साडेसोळा इंच असते. तुमची पंधरा भरली तर कागदावर आखलेल्या दोन समांतर रेघांपाशी दीड इंचाची घडी घाला, पुढे आणि मागे सारखीच.

बुटक्या बांध्याला मुंढाही खोल पडतो आणि हात वर केला की अख्खा टॉप वर येतो. मग त्या दीड इंचातला अर्धा इंच मुंढ्याच्या मधोमध घडी घालून काढा आणि बाहीच्या डोक्यातूनही तेवढाच कमी करा. हे दोन्ही बरोबर केलं नाही तर बाही मुंढ्यात बसत नाही.

पीडीएफ पॅटर्न झेरॉक्सवाल्याकडे छापला तर चालेल का?

चालेल, पण तिथेच उभं राहून मोजा. छापताना आकार १०० टक्के ठेवायला सांगा. 'फिट टू पेज' चालू राहिलं की सगळं थोडं लहान होतं. पहिल्या पानावर तपासणीचा चौकोन असतो, तो टेपने नाही तर पट्टीने मोजा. १० सेंटीमीटरचा चौकोन ९.७ निघाला तर ऐकायला तीनच टक्के कमी आहे, पण ९० सेंटीमीटर छातीवर तो पावणेतीन सेंटीमीटरचा फटका आहे. आधी फक्त ते एक पान छापून घ्या आणि बाकीची नंतर.

अमेरिकन फाइल 'लेटर' कागदाची असेल तर तिची रुंदी २१६ मिलिमीटर आणि आपल्या ए-४ ची २१०, त्यामुळे कडेच्या रेघा तुटू शकतात. ए-४ ची वेगळी फाइल दिलेली असते, तीच घ्या. पानं जोडायचा कंटाळा असेल तर ए-शून्य आकाराची फाइल घेऊन जिथे घरांचे नकाशे छापतात तिथे जा, मोठ्या कागदावर सलग निघते. आणि फाइल विकत घेऊन वापरा. एकीने घेऊन ग्रुपवर फिरवली की ज्या बाईने महिनोन् महिने बसून ती आखली तिचं पोट मारलं जातं.

पातळ कागद सरळ कापायचा की दुसऱ्या कागदावर उतरवायचा?

उतरवायचा. आज १४ कापलात तर उद्या लेकीला १२ हवा असेल तेव्हा १२ ची रेघ असते, पण वजन वाढून १६ लागला तर ती गेलेली असते. बटर पेपर वर ठेवा, पेन्सिलने गिरवा, आणि उभ्या धाग्याचा बाण, खुणा, घडीची रेघ हे सगळं उतरवायला विसरू नका. चुरगळलेला मूळ कागद वाफ न वापरता कोमट इस्त्रीने सरळ करा.

शिवणीसाठीचं मार्जिन कागदात धरलेलं असतं का?

अमेरिकन मोठ्या कंपन्या बहुधा दीड सेंटीमीटर धरतात. स्वतंत्र डिझायनरांचे होजिअरी पॅटर्न ६ मिलिमीटर किंवा १ सेंटीमीटर धरतात. बुर्डाच्या मासिकातल्या पॅटर्नला मार्जिन धरलेलंच नसतं, तुम्हाला घालावं लागतं. सूचनांचं पहिलं पान वाचल्याशिवाय कात्रीला हात लावू नका.

कापड आधी धुवावंच लागतं का? पावसाळ्यात वाळत नाही.

धुवावंच लागतं, आणि सुती होजिअरी दोनदा. ती जास्त करून लांबीत आटते. न धुता शिवलेला टॉप दुसऱ्या धुण्यात पोटावर येतो. पुढे ज्या रीतीने टॉप धुणार त्याच रीतीने कापड धुवा.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दोन-दोन दिवस कपडे दमट राहतात, हे खरं. पण ओलं होजिअरी कापड दोरीवर टांगू नका, पाण्याच्या वजनाने ते लांब होतं आणि तुम्ही ते खोटं माप कापता. पिळून, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि चटईवर पंख्याखाली पसरून ठेवा. पूर्ण कोरडं झाल्यावर आणखी एक रात्र दुमडून तसंच पडू द्या आणि मगच कापा.

कापताना बाण कशाशी जुळवायचा?

काठाशी नव्हे, फाशांच्या उभ्या रांगेशी. होजिअरी अनेकदा नळीसारखी येते आणि तिला काठ नसतोच. एका बाजूने उभी कापून ती उघडा, पण दुकानात घातलेली घडी सरळ आहे असं समजू नका. सिंगल जर्सीत धाग्याचा पीळ आणि गोल विणकाम यांमुळे रांगा तिरक्या गेलेल्या असतात. स्वस्त टी-शर्टची बाजूची शिवण धुतल्यावर फिरून पोटावर येते ती यामुळेच. उजेडात कापड धरा, मधली एखादी उभी रांग शोधा आणि तिच्यावर दर वीतभर अंतरावर एक टाचणी लावा. बाण त्या ओळीला समांतर ठेवा.

कापड टेबलावरून खाली लोंबू देऊ नका, खुर्चीवर गोळा करून ठेवा. टाचण्यांपेक्षा कागदावर वजनं ठेवणं चांगलं, स्टीलच्या जड वाट्या पुरतात. जर्सीची आडवी कापलेली कड नेहमी सुलट बाजूला गुंडाळते. उलट-सुलट कळत नसेल तर हीच खूण.

आमच्याकडे आजीचं काळं पायमशीन आहे, फक्त सरळ टीप घालतं. त्यावर होईल?

होईल. सैल पॅटर्न आणि कमी ताणणारं इंटरलॉक निवडा, गळा डोकं सहज जाईल एवढा मोठा ठेवा. पॉलिस्टरचा दोरा, टाका मध्यम, वरच्या दोऱ्याचा ताण जरा ढिला. शिवताना दाबपट्टीच्या पुढे आणि मागे कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून धरा, म्हणजे शिवणीत तेवढी ढील राहते. किंचित म्हणजे कापड सपाट राहील इतपतच. बॉबिनमध्ये ओव्हरलॉकचा फुगीर नायलॉन दोरा हलक्या हाताने भरलात तर सरळ टीपही चांगली ताण सोसते. शिवण झाली की तुकडा हातात घेऊन ओढून बघा. कट्कन तुटली तर ढील कमी आहे.

झिगझॅग मशीन असेल तर प्रश्नच मिटतो. रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर, लांबी अडीच. दिसायला जवळजवळ सरळ टीप, पण ओढली की लांबते.

सुई कोणती?

बॉल पॉइंट. नेहमीच्या सुईचं टोक धागा चिरू शकतं, बॉल पॉइंटचं गोलसर टोक धागा बाजूला सारून फाशांमधून जातं. पातळ कापडाला ११ नंबर, जाडाला १४. लायक्रा जास्त असेल तर 'स्ट्रेच' लिहिलेली सुई घ्या. श्मेट्झ कंपनीच्या सुयांवर स्ट्रेचला पिवळी खूण असते आणि जर्सीला नारिंगी. घरच्या मशीनला एका बाजूने चपट्या दांड्याची सुई लागते, कारखान्यातल्या हायस्पीड मशीनची गोल दांड्याची बसत नाही, हे दुकानात आवर्जून सांगा. ब्लाउजसाठी लावलेली १६ नंबरची सुई तशीच ठेवून सुरुवात करू नका.

टाके सुटतात, कापड आत ओढलं जातं, शिवणीला लाटा येतात. काय करू?

टाके सुटले की पहिल्यांदा सुई बदला, बहुतेक वेळा काम तिथेच भागतं. कापड सुईबरोबर वर उचललं गेलं की खाली दोऱ्याचा फास तयार होत नाही आणि शटलच्या टोकाला तो सापडत नाही. तीक्ष्ण किंवा बोथट सुई नेमकं तेच करते.

कापड सुरुवातीलाच प्लेटच्या भोकात जात असेल तर अगदी कडेपासून सुरू करू नका. सेंटीमीटरभर आत सुई उतरवा, दोन्ही दोरे मागे धरा, आणि खाली पातळ कागदाचा तुकडा ठेवा. शिवण झाल्यावर तो फाडून निघतो.

लाटा येतात दाबपट्टीच्या दाबामुळे. ती वरचा थर ढकलते आणि दातेरी पट्टी खालचा ओढते. काळ्या मशीनच्या डोक्यावर, दाबपट्टीच्या दांडीच्या वर एक स्क्रू असतो, तो थोडा सैल करा. मग उरलेल्या लाटांवर वाफेची इस्त्री नुसती टेकवून उचला, घासू नका. सुती कापडात लाटा बऱ्याच बसतात.

पिको-फॉलच्या दुकानातून ओव्हरलॉक करून आणू का?

आणा, पण आधी विचारा: तीन दोऱ्यांचं की चार? तीन दोऱ्यांचं फक्त कड बांधतं, शिवण तुम्हाला घरी घालावी लागते. चार दोऱ्यांचं शिवणही धरतं. दोन्ही मशीनांना कड कापणारं पातं असतं, म्हणून मार्जिन किती ठेवायचं ते खडूने आखून द्या. मी मात्र सांगेन की आधी घरी लांब टाक्याने कच्चं जोडून अंगावर घालून बघा. ओव्हरलॉक झालेलं होजिअरी उसवणं फार जिवावर येतं.

खांदा लांब होत जातो. उपाय?

टॉपचं सगळं वजन खांद्याच्या शिवणीवर असतं. तिथे शिवताना पाव इंची पातळ सुती टेप किंवा न ताणणाऱ्या कापडाचा काठ धरून घ्या. टेपची लांबी कागदावरच्या खांद्याएवढी कापा, कापडावरून मोजू नका, कारण कापड तोवर ताणलेलं असतं.

गळ्याला बकरम किंवा कॅनव्हास लावू?

नाही. गळा ताणणार नाही आणि डोकं जाणार नाही.

मग गळ्याची पट्टी नीट कशी बसवायची?

सगळ्या टॉपचा चेहरा इथे ठरतो, म्हणून घाई न करता दिवसाच्या उजेडात करा.

क्रम आधी लक्षात घ्या. दोन्ही खांदे, मग गळा, मग बाह्या सपाट असतानाच मुंढ्याला, आणि शेवटी बाहीच्या टोकापासून खालपर्यंत बाजूची शिवण एका दमात.

पट्टी गळ्यापेक्षा लहान असते, म्हणूनच ती ताणून अंगाला टेकते. गळ्याची लांबी शिवणीच्या रेघेवर मोजा, कापलेल्या कडेवर नको. टेप उभा करून वळणावर फिरवला की बरोबर माप येतं. समजा ६० सेंटीमीटर आलं. टॉपच्याच जर्सीची पट्टी असेल तर ८५ टक्के, म्हणजे ५१. रिबची असेल तर ८० टक्के, म्हणजे ४८. त्यात दोन्ही टोकांचं मार्जिन मिळवा. पॅटर्नमध्ये पट्टीचा कागद दिलेला असतो, पण तो पॅटर्नवाल्याच्या कापडासाठी आहे. तुमचं कापड कमी ताणत असेल तर पट्टी दोन सेंटीमीटर वाढवा.

पट्टी आडव्या ताणावर कापा, टोकं जोडून गोल करा, उलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडा आणि दाबून घ्या. आता तिचे चार सारखे भाग करून टाचण्या लावा. गळ्याचेही चार भाग करायचे, आणि इथे लक्ष द्या: खांद्याच्या शिवणी म्हणजे पाव-पाव भाग नव्हेत. पुढचा गळा मागच्यापेक्षा लांब असतो, त्यामुळे पाव भागाची खूण खांद्याच्या शिवणीपासून थोडी पुढे येते. पाठीचा मध्य आणि पुढचा मध्य एकमेकांवर ठेवून गळा सपाट धरा, दोन्ही बाजूंना जिथे घडी पडते तिथे उरलेल्या दोन टाचण्या. पट्टीचा जोड पाठीच्या मध्यावर ठेवा.

शिवताना पट्टी वर ठेवा आणि एका टाचणीपासून पुढच्या टाचणीपर्यंत फक्त पट्टी ताणा. खालचा गळा सपाट झाला की थांबा. गळा स्वतः ताणला गेला तर तो पुढे बाहेर उभा राहतो. पट्टी फार ताणली गेली तर भोवती बारीक चुण्या पडतात. पहिली फेरी लांब टाक्याने घाला, वाफ द्या, अंगावर घालून आरशात बघा आणि मगच पक्की करा. मार्जिन खाली वळवून सुलट बाजूने दोन मिलिमीटरवर एक टीप मारली की पट्टी पालथी पडत नाही.

खालची दुमड रेडिमेडसारखी दोन टिपांची कशी येते?

ट्विन सुईने. एका दांड्यावर दोन सुया असतात, मधलं अंतर ४ मिलिमीटरचं घ्या. पण ती झिगझॅग मशीनलाच चालते, जिथे प्लेटचं भोक लांबट असतं. सरळ टिपेच्या मशीनच्या गोल भोकावर ती आपटून मोडते. लावल्यावर आधी चाक हाताने फिरवून बघा. वर दोन दोरे, खाली एकच बॉबिन. दोन टिपांच्या मध्ये कापड फुगून उभं राहिलं तर वरचा ताण कमी करा. सरळ मशीनवर दोनदा टीप मारा, तीही ढील ठेवून. किंवा हाताने सैल तुरपाई करा. सैल टॉपला ती कितीतरी सुबक दिसते.

एकदा बसलेला पॅटर्न पुढच्या कापडाला तसाच वापरता येईल?

कापड तेच असेल तर हो. दुसरं असेल तर पुन्हा दोन टाचण्या आणि मोजपट्टी. ताण पाच-दहा टक्क्यांच्या आत सारखा असला तर डोळे झाकून कापा. जास्त फरक असेल तर बाजूच्या शिवणीला एक इंच मार्जिन ठेवून कापा, कच्चं जोडा, अंगावर घालून बाजूंना चिमटीने किती धरता येतं ते बघा आणि मग रेघ ठरवा. उतरवलेल्या बटर पेपरवर कापडाचं नाव, जीएसएम, आडवा ताण आणि गळ्याच्या पट्टीची लांबी पेन्सिलने लिहून ठेवा, आणि कापडाचा एक छोटा तुकडा त्याच कागदाला टाचून ठेवा.